बोपदेव उतरायच्या आधी

सासवडहून मार्केट यार्डात माल घेऊन येणाऱ्या गाडीला दोन उतार लागतात. पहिला बोपदेव घाटाचा, पठारावरून येवलेवाडीकडं उतरणारा, वळणावळणाचा. दुसरा कोंढवा ओलांडल्यावर आई माता मंदिरापासून थेट गंगाधाम चौकात येणारा. पहिल्याचा धाक सगळ्यांना असतो. दुसऱ्याला शहरातले लोक उतार मानतच नाहीत. ज्यानं कधी भरली गाडी हाकली नाही त्याला तो नुसता रस्ता दिसतो. मात्र याच रस्त्यावर अवजड वाहनांखाली माणसं गेली आहेत, आणि पाठीशी माल घेऊन येणारा जुना ड्रायव्हर मंदिराशी आल्यावर न बोलता गिअर खाली घेतो.

बिबवेवाडी या उताराला लागून आहे. अप्पर आणि लोअर इंदिरानगर, व्हीआयटीची पोरं, कामगार विम्याचं रुग्णालय, मंगल कार्यालयं, चढावर चढत गेलेल्या सोसायट्या असा सगळा पसारा. एका हाताला मार्केट यार्ड, दुसऱ्या हाताला कोंढवा, पाठीमागं कात्रजचे डोंगर. अशा जागी गॅरेजवाल्याकडं काय काम येणार हे वेगळं सांगायला नको. क्लचप्लेट आणि ब्रेक. चढानं क्लच जातो, उतारानं ब्रेक.

नवरात्रात अशाच एका पत्र्याच्या गॅरेजात एक पांढरी ओम्नी आली. नावं लिहीत नाही. मिस्त्रींना प्रसिद्धी नको होती आणि गाडीमालकाला तर मुळीच नको होती, कारण पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून झेंडूची पोती वाहणं कायद्यात बसत नाही. (बसत नाही, तरी पहाटे चारला मार्केट यार्डाच्या फुलबाजाराबाहेर उभं राहून बघा.) मालक पुरंदर तालुक्यातले, साठीच्या अलीकडचे. दसरा तोंडावर होता. त्यांची तक्रार एका वाक्याची होती, "मिस्त्री, ब्रेक दोनदा मारावा लागतोय."

"कधीपासनं?"

"आठ दिवस झालं असतील. तेल टाकलं की बरा लागतोय."

मिस्त्रींनी मान वर केली. "किती वेळा टाकलं?"

"दोन-तीनदा."

"काका, ब्रेकचं तेल काही पेट्रोल नाही संपायला."

या एका वाक्यात सगळी विद्या आहे. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. तेल टाकीतून निघून पाईपातून चाकापर्यंत जातं आणि पाय काढला की परत येतं. मधे ते खर्च होत नाही. लायनर झिजले तर टाकीतली पातळी हळूहळू थोडी उतरते, तीही महिनोन्‌महिने. आठवड्यात दोनदा तेल टाकावं लागत असेल तर ते कुठंतरी बाहेर पडतंय, दुसरं कारण नाही. तरीही वर तेल भरून गाडी चालवणारे काकाच एकटे नाहीत. टाकी बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डाजवळ हाताशी असते आणि बाटली दुकानात मिळते. पाईप मात्र पोटाखाली चिखलात असतो. माणूस हाताला लागेल तेच दुरुस्त करतो.

हे प्रकरण शाळेत शिकलेल्या पास्कलच्या नियमावर उभं आहे. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडं सारखा पोचतो, हे सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कलनं सांगितलं. मोटारीच्या ब्रेकला ते लावलं माल्कम लॉकहीड या अमेरिकी माणसानं, १९१७ च्या सुमाराला. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. त्याआधी दांडे आणि तारा होत्या. चारही चाकांची तार सारखी ताणलेली ठेवणं हे रोजचं काम होतं आणि ताण कमी-जास्त झाला की गाडी एका बाजूला ओढायची. तेलाला ताण लावावा लागत नाही. त्याला एकच गोष्ट लागते, भोक नसलेला पाईप.

आकडा मांडून बघू. पायानं पेडलवर ३० किलोंचा जोर दिला. पेडल ही तरफ आहे, ती जोर चौपट करते, म्हणजे १२० किलो. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या २ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ सव्वातीन चौरस सेंटिमीटरच्या आतच भरतं. भागाकार करा, दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३८ किलो. हा बिनबूस्टरचा, रोजच्या ब्रेकचा हिशोब. बूस्टर असेल आणि समोर अचानक कुणी आलं म्हणून पाय पूर्ण रोवला तर हा दाब दुपटीच्या वर सहज जातो. टायरमधली हवा असते २ किलोंच्या आसपास. म्हणजे हाताच्या करंगळीहून बारीक पाईपात टायरच्या वीसपट, प्रसंगी चाळीसपट दाब. आणि त्या पाईपाची भिंत असते ०.७ मिलिमीटर.

तो पाईप म्हणजे नुसती पोकळ नळी नव्हे. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळतात, मग भट्टीतून काढतात. तांबं वितळून दोन्ही थर एकजीव होतात. बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर, जुन्या मापात इंचाचे तीन-षोडशांश. वरून गंजरोधक लेप. जोवर लेप शाबूत तोवर हा पाईप गाडीच्या आधी जात नाही. लेप सुटला की मात्र त्या ०.७ मिलिमीटरवर गंजाचा दावा लागतो.

ओम्नी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि नव्या सुरक्षा नियमांच्या तोंडावर २०१९ मध्ये बंद झाली. पस्तीस वर्षं तिनं शाळेची पोरं नेली, पेशंट नेले, लग्नातली भांडी नेली, हिंदी सिनेमात माणसं पळवून नेली. इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना, मागं पाट्यांवर सरळ दांडा, म्हणजे ॲक्सल. त्यामुळं मागच्या ब्रेकचा पाईप पुढून निघून पूर्ण गाडीच्या पोटाखालून, पेट्रोलच्या टाकीला वळसा घालून मागं जातो. तिथं एक लवचिक रबरी होज, कारण दांडा वर-खाली होतो. होजच्या पुढं दांड्यावर तिठा, आणि तिथून डावी-उजवीकडं दोन आखूड पाईप. लांबीला सगळ्यात जास्त आणि चिखलाला सगळ्यात जवळ. गाडीचा पुढचा पाईप गळाला तर चाक वळवून दिसतो. मागचा बघायला पाठीवर झोपावं लागतं.

गाडी जॅकवर घेतली, दांड्याखाली दोन घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना विटा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरणाऱ्या पोऱ्याला मिस्त्री पहिल्या दिवशी घरी पाठवतात, असं त्यांनीच सांगितलं. मग चाकं काढली.

डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल होती. आता ही ओल कशाची, हा प्रश्न. मागच्या दांड्यात गिअरचंही तेल असतं आणि त्याचं सील गेलं की तेही नेमकं इथंच येतं. मिस्त्रींनी बोट लावलं, वास घेतला. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो आणि ते बोटाला चिकटून राहतं. ब्रेक ऑइल पातळ, आणि पाण्यात विरघळतं. पोऱ्यानं त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. तवंग आला नाही, ओघळ धुऊन गेला. ब्रेकचंच. शिवाय दांड्यावरचा काळा रंग तेवढ्याच पट्ट्यात सोलला होता. ब्रेक ऑइल रंग खातं. गाडीच्या बॉडीवर सांडलं आणि पुसलं नाही तर डाग कायमचा.

ड्रम काढले. उजवीकडचा व्हील सिलिंडर कोरडा, डावीकडच्याचा रबरी बूट उचलल्यावर आत किंचित ओल. तोही बदलायचा ठरला. पण टाकीतलं तेल उतरत होतं त्यामानानं ही ओल काहीच नव्हती. मुख्य गळती दुसरीकडं होती.

"बस आत. दाब. हळू," मिस्त्री खालून म्हणाले.

पोऱ्यानं पेडल दाबलं. दांड्यावरचा डावा पाईप मिस्त्रींनी आधी साबणाच्या पाण्यानं आणि चिंधीनं पुसून कोरडा केला होता. पत्र्याच्या पट्टीनं तो जिथं दांड्याला धरला होता, त्या पट्टीच्या कडेला एक थेंब उगवला. पाय काढला, थेंब तिथंच. पुन्हा दाबला, थेंब मोठा झाला आणि पट्टीआडून सरकून खाली ओघळला. पाईप फुटला नव्हता, चिरला नव्हता. पट्टीखाली मातीचा चोथा साठला होता आणि त्या चोथ्यानं पाईप कुरतडला होता. पट्टी सोडवल्यावर दिसलं, बोटभर लांबीत पाईपाचा रंग तपकिरी, पापुद्रे सुटलेले. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि तेल धावलं.

पुण्यात समुद्र नाही, बर्फ नाही. थंड मुलखात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथं पाईप खाण्याचं काम मीठ करतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या पिकअप आणि एसयूव्हींचे ब्रेक पाईप गंजून फुटल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की तिथल्या रस्ता सुरक्षा प्रशासनानं कित्येक वर्षं चौकशी केली. सुमारे ५० लाख गाड्यांचा प्रश्न होता. एप्रिल २०१५ मध्ये चौकशी बंद झाली. कंपनीला गाड्या परत बोलवायला लावलं नाही. जुन्या गाड्यांचं हे वयोमानाचं झिजणं आहे, मालकांनी गाडीचं पोट धुवावं आणि पाईप तपासून घ्यावेत, असा निष्कर्ष निघाला. मला तो निष्कर्ष कंपनीला फार सोयीचा वाटतो. गंजायला सगळेच पाईप गंजतात, पण कुठले आधी गंजावेत हे लेप ठरवतो, आणि लेप मालक निवडत नाही. तरी त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे, पाईपालाही वय असतं.

आपल्याकडं कोकणातून किंवा मुंबईहून आलेल्या गाडीचं पोट बघावं लागतं, खाऱ्या हवेमुळं. पण या ओम्नीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. मिस्त्रींनी मागचं दार उघडून काकांना विचारलं, "फुलांवर पाणी मारता?"

"मारावंच लागतंय. नाहीतर यार्डात माल सुकलेला दिसतो."

"किती वर्षं?"

"घेतली तवापासनं."

ओल्या गोणपाटाचं पाणी फरशीच्या रबरी मॅटखाली, मॅटखालून पत्र्याच्या सांध्यांत, सांध्यांतून थेट दांड्यावर. वर पाऊस, खाली घाटातली माती. पट्टीखालचा चोथा वर्षाचे बारा महिने ओला. मीठ नसलं तरी सतत ओलं राहणं पोलादाला पुरेसं असतं. आणि या सगळ्यावर कधीतरी कुणीतरी काळं अंडरकोटिंग मारून दिलं होतं. स्वच्छ धातूवर मारलेलं कोटिंग राखण करतं. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि गंज दिसू देत नाही. जुनी गाडी विकायच्या आधी तिचं पोट काळंकुळीत, चकचकीत करून आणतात, ते याच कारणासाठी. अशी गाडी घेताना मी तरी दोन पावलं मागं सरेन.

आता दुरुस्ती. इथं मिस्त्री-मिस्त्रींत फरक पडतो.

पहिली पद्धत, पाईप मारणे. गळका पाईप तिठ्याजवळ कापायचा, टोक पकडीनं चेपून दुमडायचं किंवा नटाच्या आत छर्रा घालून आवळायचं. गळती बंद, पेडल घट्ट, दहा मिनिटांत काम. त्या चाकाला ब्रेक नाही, एवढंच. कोरड्या सपाट रस्त्यावर कळतही नाही, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं आणि निम्म्याहून जास्त काम पुढचीच चाकं करतात. रिकाम्या ओम्नीत तर ड्रायव्हर शपथेवर सांगेल की ब्रेक झकास आहेत. पण मागं झेंडूची पोती असतील, उतार असेल, रस्ता ओला असेल आणि मागच्या दोनपैकी एकच चाक धरत असेल, तर गाडीचा मागचा भाग एका बाजूला पळतो. हे वळणावर घडलं तर सावरायला वेळ मिळत नाही. रस्त्यात अडलेल्या गाडीला गॅरेजपर्यंत आणायला कुणी असं केलं तर एकवेळ समजता येईल. पण अशा गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरतात, आणि मालकाला ते सांगितलेलंही नसतं.

दुसरी पद्धत, रबरी नळी आणि क्लिप. हिच्याबद्दल बोलायला नको. चाळीस-ऐंशी किलोंच्या दाबाला पेट्रोलची नळी आणि स्क्रूची क्लिप. एम-सीलचे लाडूही मिस्त्रींनी पाहिले आहेत.

तिसरी पद्धत तांब्याच्या पाईपाची. ही फसवी, कारण ती व्यवस्थित दिसते. फ्रिज-एसीवाल्याकडं तांब्याची नळी सहज मिळते, हातानं वाकते, टोक फुगवून काढायचा फ्लेअर सुरेख येतो, गंजत नाही. पण निव्वळ तांबं थरथरीनं कडक होत जातं आणि एके दिवशी फ्लेअरच्या मानेशी तडकतं. मागचा दांडा तर सतत थरथरत असतो. गंजू नये म्हणून तांबंच हवं असेल तर त्यात निकेल लागतं. तांबं-निकेलचे पाईप व्होल्वोनं १९७६ पासून आपल्या गाड्यांना बसवले आणि ते गंजानं जवळजवळ कधीच जात नाहीत. आपल्याकडं ते सहज मिळत नाहीत. मिळाला तर जरूर घ्यावा, पण मिळतो तो बहुधा एसीचाच, आणि विकणारा फरक सांगेल याची खात्री नाही.

चौथी पद्धत सरळ, नवा पोलादी पाईप. कंपनीचा तयार मिळाला तर उत्तम. नाहीतर पाईपाची गुंडाळी आणून बनवायचा. पोऱ्या दुचाकीवर नाना पेठेत गेला. पुण्यात गाडीचा कुठलाही सुटा भाग मिळवायचा तर शेवटी नाना पेठ. जुन्या बाजारातही मिळेल, पण ब्रेकचं सामान जुन्या बाजारातून आणायचं नाही, हा मिस्त्रींचा दंडक.

पोऱ्या येईपर्यंत जुने नट सोडवायचं काम. हेच खरं कसब. वीस वर्षांचा नट पाईपाला धरून बसलेला असतो. पाना फिरवला की नट आणि पाईप दोन्ही फिरतात आणि पाईप जिलबीसारखा पिळतो. साधा दोन तोंडांचा पाना लावला तर नटाचे कोपरेच गोल होतात. गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, थांबायचं, नटाच्या डोक्यावर हलकी ठोक द्यायची, पुन्हा थांबायचं. मिस्त्रींनी शेवटी तो जुना पाईप नटाच्या पाठीशी कापूनच टाकला. आता पाईप जाणारच होता, मग त्याची भीड कशाला? पाईप कापल्यावर नटावर पूर्ण वेढ्याचा सहा कोनी सॉकेट बसला आणि नट एका झटक्यात आला. तिठ्याकडचा आला, व्हील सिलिंडरकडचा अडून बसला. पण तो सिलिंडर तसाही बदलायचा होता.

"आणि लांबवाला?" काकांनी विचारलं. म्हणजे पुढून मागं येणारा.

मिस्त्रींनी टॉर्च लावून त्यांनाच गाडीखाली बघायला लावलं. पेट्रोलच्या टाकीजवळ दोन पट्ट्यांपाशी तोच तपकिरी रंग. अजून ओल नव्हती. काका बराच वेळ आडवे राहिले. उठल्यावर म्हणाले, "बदला." उजवा आखूड पाईप आणि रबरी होजही त्यातच आले. एक पाईप गळला की त्याच्या वयाचे, त्याच चिखलातले दुसरे पाईप बरे कसे असतील? दुरुस्तीचं माप गळतीपाशी संपवणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी काटकसर आहे.

नवा पाईप बनवणं बघण्यासारखं असतं. लांबी जुन्या पाईपावरून सुतळीनं मोजली. पाईप करवतीनं कापला नाही. करवतीचा कीस आत राहिला तर तो सिलिंडरच्या रबराला ओरखडतो. गोल फिरणाऱ्या छोट्या कटरनं कापला, आतली कड घासून फुंकर मारली. मग आधी नट ओवला. फ्लेअर काढल्यावर नट आठवला तर फ्लेअर कापून पुन्हा पहिल्यापासून. पाईप साच्यात धरून टोक आधी फुगवलं आणि मग तेच टोक आत दुमडलं. हा दुहेरी फ्लेअर, दोन थरांचा. एकेरी फ्लेअरची पातळ कड या दाबाखाली चिरते. पहिला फ्लेअर किंचित तिरका आला. पोऱ्याला वाटलं चालेल. मिस्त्रींनी बोलण्याऐवजी कटर त्याच्या हातात दिला.

पाईप सायलेन्सरपासून लांब, दांड्याच्या हालचालीत कुठं घासणार नाही असा वळवला. जुन्या पट्ट्या घासून, रंगवून, आत रबराचा तुकडा घालून बसवल्या. नट आधी हातानं फिरवून मग आवळले. हातानं दोन आटेही न फिरणारा नट पान्यानं रेटला की आटे जातात.

मग हवा काढणे. तेलाच्या जागी पाईपात हवा राहिली तर पाय दाबल्यावर हवाच दबते आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. त्यासाठी दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक निपलवर, आणि दोघांत बोलणं लागतं.

"मार."

"मारला."

"मार, मार. धर."

"धरला."

निपल पाव फेरा उघडला. पारदर्शक नळीतून फुसफुस करत फेस आला, बाटलीतल्या तेलात बुडबुडे उठले. निपल बंद.

"सोड."

बंद करण्याआधी पाय सोडला तर हवा उलट आत ओढली जाते. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचं डावं. मग मागचं उजवं, मग पुढची दोन. टाकी मधे रिकामी पडू द्यायची नाही, नाहीतर सगळं पुन्हा. आणि निघालेलं तेल परत टाकीत ओतायचं नाही.

पोऱ्या जोरात पेडल तळाला मारत होता. मिस्त्री ओरडले, "पूर्ण खाली नको! पायाखाली लाकूड ठेव." जुन्या मास्टर सिलिंडरात दट्ट्या रोज ठरावीक अंतरच चालतो. त्यापुढच्या भागात दट्ट्या कधी गेलेला नसतो, तिथं मळ आणि गंज बसलेला असतो. पेडल तळापर्यंत हाणलं की रबरी सील त्या खरखरीत भागावर घासतं, आणि मागचा पाईप दुरुस्त करून घेतलेल्या गाडीचा मास्टर सिलिंडर आठवड्याभरात बसतो. मालक म्हणतो, मिस्त्रीनं एक केलं आणि दुसरं बिघडवलं. बरेचदा ते खरंही असतं.

तेल भरताना मिस्त्रींनी नवी, सीलबंद बाटलीच फोडली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ३ दर्जाचं ताजं तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतात, तेल उकळतं, वाफ होते, आणि पेडल अचानक पोकळ लागतं. पाईप धडधाकट, तेल भरलेलं, तरी ब्रेक नाही. म्हणून ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण. इंजिनाला गाडी धरू द्यायची.

ही शिकवण पुण्यानं महागात पुन्हा शिकली. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका मालट्रकनं एकामागून एक अनेक गाड्यांना ठोकरलं. पहिल्या बातम्यांत ब्रेक फेल झाल्याचं आलं. तपासात निघालं की चालकानं उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती. अवजड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन बंद केलं की टाकीतली हवा संपेपर्यंतच ब्रेक. ब्रेक फेल झाला म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही, जणू वीज कोसळली. पण ब्रेक बिचारा एका क्षणात क्वचितच जातो. एक तर तो चालवणाऱ्याच्या हातून जातो, नाहीतर कुणी न पाहिलेल्या पट्टीखाली वर्षानुवर्षं जात राहतो. ओम्नी दुसऱ्या जातीची.

निदान हिला दोन सर्किटं होती. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरच्या जमान्यात एकच सर्किट असायचं. कुठंही भोक पडलं की चारही चाकं गेली, मग हँडब्रेक आणि देव. अमेरिकेत १९६८ पासून दुहेरी सर्किटाची सक्ती झाली, आणि नंतर तो सगळीकडचा रिवाज झाला. मागची ओढ असलेल्या गाड्यांत साधारणपणे पुढची दोन चाकं एका सर्किटावर, मागची दोन दुसऱ्यावर. पुढच्या ओढीच्या मोटारींत बहुतेकदा तिरपी जोडी. मागचं सर्किट रिकामं झालं तरी पुढचं धरतं, फक्त पेडल खूप खाली जाऊन. काकांचं 'दोनदा मारावा लागतोय' म्हणजे हेच. दुसरं सर्किट त्यांना आठ दिवस सांभाळत होतं आणि त्यांना वाटत होतं तेल टाकल्यानं बरं वाटतंय.

मग सरकारी तपासणीत हे दिसत नाही का? श्रीकांत कर्वे यांनी २०१३ साली योग्यता प्रमाणपत्रांच्या कारभारावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. गाड्यांची चाचणी न घेताच प्रमाणपत्रं मिळतात, हा मुद्दा होता. त्यातूनच ब्रेक तपासायला आरटीओकडं २५० मीटरचा ट्रॅक हवाच, हा आग्रह न्यायालयानं धरला. पुण्याचा ट्रॅक दिव्याला झाला, दिवे घाट चढून गेल्यावर. ब्रेक नसलेली गाडी तपासणीपर्यंत पोचणारच नाही, असा विनोद त्यावर झाला असणार. पण ट्रॅक असो की नव्या स्वयंचलित केंद्रातला रोलर, दोन्ही मोजतात ते आज ब्रेक किती धरतो एवढंच. ०.७ मिलिमीटरची भिंत ०.२ वर आलेला पाईपही त्या दिवशी उत्तम गुणांनी पास होईल. पंधरा वर्षांनी खासगी मोटारीची नोंदणी नव्यानं करायचं शुल्क १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० रुपये झालं. जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात हा हेतू समजतो. पण शुल्क वाढवल्यानं पट्टीखालचा गंज दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी गाडीखाली झोपायलाच हवं, आणि त्याचा रकाना अर्जावर नाही.

अंधार पडता-पडता चाकं चढली. इंजिन चालू करून मिस्त्रींनी स्वतः पेडल पूर्ण जोरानं दाबून धरलं, बराच वेळ. पोऱ्या टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवत होता. कागद कोरडा. मग गल्लीत गाडी मारून बघितली, आधी चालत्या माणसाच्या वेगानं, मग थोडी जोरात. हँडब्रेक स्वतंत्र तपासला. काकांना त्याच रात्री वर जायचं होतं. पहाटे तोडलेला झेंडू भरून खाली यायचं होतं.

"जा, पण रिकामी जाताय ना, वर पोचल्यावर परत टॉर्च मारा. माल भरायच्या आधी. सांध्याला ओल दिसली तर भरू नका, फोन करा."

"आणि पुढचे पाईप?" काकांनीच विचारलं. दुपारी गाडीखाली आडवे पडल्यापासून त्यांची नजर बदलली होती.

"तेही त्याच वयाचे. आज गळत नाहीत."

"मग दिवाळीनंतर. दसऱ्याचा माल निघू दे."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. बिलबुक काढलं, पाईप, होज, डावा सिलिंडर, तेल, मजुरी असं ओळीनं लिहिलं, आणि मजुरीच्या खाली अजून एक ओळ, 'पुढचे ब्रेक पाईप जुने, बदलणे बाकी, मालकास सांगितले.' त्यापुढं तारीख घातली आणि बिल काकांपुढं सरकवलं, "इथं सही करा."

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. "हे कशाला आता?"

"तुम्हाला आठवण राहावी म्हणून. आणि मलाही."

काकांनी सही केली आणि मजुरीतले पन्नास रुपये कमी करून मागितले.